कुंडी नंबर तेवीस

“ही वही तू काचघरात बसून लिहिलीस?” प्रोफेसर ऑर्मिस्टननी विचारलं.

“नाही सर,” मी म्हणाले. “काचघरात वरून पाणी ठिबकतं. वही खराब झाली असती.”

“मग कुठे लिहिलीस?”

“घरी, सर. दर शनिवारी.”

ते पानं उलटत राहिले. चौदा आठवडे, आठवड्यातून दोन वार, छत्तीस कुंड्या. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने, मथळे लाल शाईत, आकडे निळ्या शाईत, आणि शोधून सापडेल एवढीही खाडाखोड नाही. मी मान जरा खाली घालून बसले होते. आपलं कौतुक चाललेलं असताना मुलीने वर बघत बसू नये, असं माझ्या आईचं मत होतं.

“अक्षर सुंदर आहे.”

“थँक यू, सर.”

“आणि काचघरात ज्यांच्यावर लिहिलंस, ते कागद कुठे आहेत?”

“ते रफ होते, सर. टाकले.”

“टाकले म्हणजे?”

“शेगडीत जाळले,” मी म्हणाले, आणि वर हसलेसुद्धा. मुलगी कचरा साठू देत नाही हेही यांना कळलं तर बरंच, असा त्या हसण्याचा अर्थ होता.

ऑर्मिस्टननी वही मिटली आणि दोन बोटांनी सरकवत टेबलापलीकडे माझ्या गाईड किनेअर मॅडमच्या पुढ्यात नेऊन ठेवली. मेलेलं झुरळ सरकवावं तशी. मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता, म्हणजे तिथल्या माणसांचा असतो त्याहून पांढरा.

“मंदा, जरा बाहेर थांबतेस?” त्या म्हणाल्या.

मी बाहेर बाकावर जाऊन बसले आणि टापटिपीचे दहापैकी किती दिले असतील याचा विचार करू लागले.

एकोणीसशे ब्याण्णवचा जून होता. गाव डंडी, स्कॉटलंडमधलं. मी मंदाकिनी तायवाडे, मूळची दर्यापूरची, अकोल्याला कृषी महाविद्यालयात शिकलेली, आणि शिष्यवृत्तीवर पीएच. डी. करायला आलेली. रासबेरीच्या कोणत्या वाणावर मावा कमी पडतो, हा माझा विषय. मावा आमच्या वऱ्हाडात कपाशीवर पडतो, त्यामुळे किडा ओळखीचा होता. बाकी त्या गावात ओळखीचं काही नव्हतं. समुद्रावरून येणारं धुकं भर दुपारी रस्ता गिळून टाकायचं, आणि जूनमध्ये रात्रीच्या दहालाही ऊन असायचं. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कामाचा आढावा होई. त्यात पास झालं तर पुढे राहायचं, नाहीतर सामान बांधायचं. ऑर्मिस्टन त्यासाठी बाहेरच्या विद्यापीठातून आले होते.

आता त्या वहीबद्दल सांगते, कारण आमच्याकडे शिकलेल्या कुणालाही त्यात काही चुकलं असं वाटणार नाही. कॉलेजात आमच्या दोन वह्या असत. एक रफ, एक फेअर. रफमध्ये प्रयोगाच्या वेळी काय वाटेल ते खरडायचं. मग घरी येऊन फेअर जर्नल लिहायचं, रकाने आखायचे, आकृत्या टोकदार पेन्सिलीने काढायच्या. सर सही करायचे ती फेअरवर, गुण मिळायचे ते फेअरला. रफ वही वर्ष संपलं की भेळवाल्याकडे जायची. माझे बाबा दर्यापूरच्या शाळेत मास्तर होते आणि त्यांचं अक्षर तालुक्यात नावाजलेलं होतं. “मंदे, अक्षर पायलं का मानूस समजते,” असं ते म्हणायचे. त्यांनी माझ्याकडून बोरूने कित्ता गिरवून घेतला होता. मी परदेशी निघाले तेव्हाच्या निरोप समारंभात त्यांनी मला दिलेली भेट म्हणजे दोन शाईची पेनं, एक लाल शाईसाठी, एक निळ्या.

पाऊण तासाने मॅडमनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. डॉ. मॉराग किनेअर, पन्नाशीच्या, सडपातळ, सायकलवरून येणाऱ्या. सगळे त्यांना मॉराग म्हणायचे. माझ्या तोंडून दोन वर्षांत ते एकदाही निघालं नव्हतं.

“बस,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे काय पद्धत आहे मला माहीत नाही. पण इथे मळकं पान हाच पुरावा असतो. चिखलाचा डाग, खोडलेला आकडा, पाण्याने फुटलेली शाई, हे सगळं. स्वच्छ पान काय, कुणीही घरी बसून लिहू शकतं.”

“पण मॅडम, मी आकडे बघून बघून उतरवलेत.”

“मला ते खरं वाटतं. ऑर्मिस्टनना वाटायचं काही कारण नाही. त्यांच्या दृष्टीने तू मूळ नोंदी जाळल्यास आणि मग एक सुंदर वही आणून दाखवलीस. याला इथे काय म्हणतात, ठाऊक आहे?”

मला ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या आवाजावरून कळलं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ती माझी त्या खोलीत सरकली. नापास होऊन परत जाणं वेगळं. खोटे आकडे लिहिले म्हणून परत पाठवलेली मुलगी दर्यापूरच्या स्टँडवर उतरते, आणि तिचे बाबा तिला न्यायला आलेले आहेत, हे मला बसल्याजागी दिसलं.

“पुढच्या मंगळवारी ते परत येणार आहेत,” मॅडम म्हणाल्या. “तोपर्यंत तुझ्या बाजूने काही असेल तर शोध. आणि मला एक सांग. उतरवताना एखादा आकडा बदललास?”

“नाही, मॅडम.”

हे मी ताबडतोब म्हणाले, आणि म्हणताना मला ते शंभर टक्के खरं वाटत होतं.

आठवलं ते हिलटाउनच्या चढावर. हिलटाउन ही डंडीतली एक उभी सडक. ती चढताना कुणाचंही डोकं चालत नाही, फक्त पाय चालतात. अर्ध्या चढावर मी एका बेकरीसमोर उभी राहिले आणि मला कुंडी नंबर तेवीस आठवली.

ते सांगायचं तर आधी आयलाचं सांगायला हवं.

आयला पीटरकिन ही माझी घरमालकीण. हो, नाव आयलाच. तिथे ते बाईचं अगदी सभ्य नाव आहे. मी पहिल्या पत्रात घरी कळवलं, तेव्हा बाबांनी उलट टपाली विचारलं होतं, “बाईंना दुसरं काही नाव नाही का?” अठ्ठावन्न वर्षांची, विधवा, बुटकी, रुंद खांद्यांची. पंचवीस वर्षं तागाच्या गिरणीत मागावर काम केलेली. गिरणी बंद पडल्यावर तिला आमच्या काचघरात कुंड्यांना पाणी घालायची नोकरी लागली. “तुझ्या देशातला ताग माझ्या फुफ्फुसात आहे,” असं ती मला पहिल्या दिवशी म्हणाली. ताग बंगालचा आणि मी वऱ्हाडची, मधे हजार-दीड हजार किलोमीटर आहेत, हे मी तिला सांगितलं नाही. तिने मला मागची खोली दिली, उशाला गरम पाण्याची पिशवी दिली, आणि मी तिच्या लापशीत मिठाऐवजी साखर घालते हे दोन वर्षं मुकाट्याने सहन केलं. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. पण मनातल्या मनात मी तिला आधी अहोजाहो करायची, आणि पहिल्या थंडीत कधीतरी अगंतुगं करू लागले, मावशीला करतो तसं.

मावा मोजायला दोन माणसं लागतात. एकाने पान उलटं करायचं, भिंगातून मोजायचं आणि सांगायचं. दुसऱ्याने लिहायचं. माझ्याबरोबरचा मुलगा वाटाण्याच्या कामावर गेला तेव्हा आयला म्हणाली, “मी मोजते. तू लिही.” मंगळवार आणि शुक्रवार ठरले. ती हातात बारीक ब्रश घेऊन पान हळूच उलटायची, आकडा सांगायची आणि जोडीला बोटंही दाखवायची. गिरणीत मागांच्या खडखडाटात कुणाचं कुणाला ऐकू येत नसे, म्हणून सगळा व्यवहार ओठांनी आणि बोटांनी चालायचा. ती सवय गेली नव्हती.

बारा मे, मंगळवार. कुंडी तेवीसमध्ये जो वाण होता, त्याच्यावर मावा पडतच नाही असं आमच्या आकड्यांतून दिसायला लागलं होतं. माझा सगळा प्रबंध त्या वाणावर उभा राहणार होता. त्या दिवशी त्याच्या बाकी आठ कुंड्यांत दोन, शून्य, तीन, एक असे आकडे आले. आणि तेवीस नंबरपाशी आयला म्हणाली, “एक्केचाळीस.” आधी चार बोटं, मग एक. मी एक्केचाळीस लिहिलं.

शनिवारी फेअर करताना तो आकडा डोळ्यांत खुपला. रकाना किती छान उतरत होता, आणि मधेच हा एक्केचाळीस. आमचे प्रात्यक्षिकाचे सर म्हणायचे, “रीडिंग जमत नसेल तर जमवून घ्या. उगाच माझं डोकं खाऊ नका.” मी विचार केला, म्हातारीचं चुकलं असणार. चष्म्यावर वाफ धरली असेल. तेव्हा शुक्रवारचा आकडाही समोर होता, त्याच कुंडीत सहा. मग काय, मी चार लिहिलं आणि रफ कागदाचा बोळा केला. त्याच बोळ्यांवर आयला दर रविवारी शेगडी पेटवायची.

मी ते विसरूनही गेले होते. खोटं बोलले असते तर लक्षात राहिलं असतं. मला वाटलं होतं, मी फक्त नीटनेटकं केलं.

घरी गेले तर आयला बटाटे सोलत होती. माझा चेहरा बघून तिने सुरी खाली ठेवली. मी तिला आढाव्याचं सगळं सांगितलं. एक्केचाळीसचं सोडून.

“म्हणजे तू आकडे बनवलेस असं म्हणतात ते?” ती उठलीच. “अगं पण प्रत्येक आकडा माझ्या तोंडून निघालाय! मंगळवारी मी येते तिथे. मी सांगते त्याला.”

“नको, आयला.”

“नको काय? साक्षीदार पाहिजे ना त्याला? मी आहे साक्षीदार!”

झाकली मूठ सव्वा लाखाची. कागद जळालेले. आकडा माहीत असलेली दोन माणसं. त्यातल्या आयलाने चौदा आठवड्यांत हजार आकडे सांगितले होते, तिला तो एक आठवायचं कारण नव्हतं. ती खरोखरीच्या विश्वासाने उभी राहणार, खरं तेच बोलणार, आणि मी वाचणार. मला फक्त गप्प बसायचं होतं. एवढी सोपी गोष्ट मला आयुष्यात पुन्हा कुणी करायला सांगितली नाही.

खाई त्याला खवखवे. पाच दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. आयलाला वाटलं, मी भेदरले आहे. रविवारी तिने जवाचं सूप केलं आणि समोर बसली.

“तुला एक सांगते,” ती म्हणाली. “मी चोवीस वर्षांची होते. एकदा कापडात मोठा दोष निघाला आणि मुकादमाने माझं नाव घेतलं. माग माझा नव्हताच त्या दिवशी. आजूबाजूच्या सहा बायकांना माहीत होतं. एकजणही बोलली नाही. पोरंबाळं होती त्यांना, मी दोष देत नाही. पण मला आठ आठवडे गोदामात पोती शिवायला बसवलं, आणि गिरणीत लोक मला बघून बोलायचे थांबायचे. तेव्हापासून मी म्हणते, आपल्याला माहीत असेल तर आपण उभं राहावं.”

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. पण तिने माझ्या ताटलीत आणखी पाव ठेवला आणि मी तो खाल्ला.

मंगळवारी तिने दफनाला आणि लग्नाला घालायचा कोट काढला. निळा, मोठ्या बटणांचा. केसांना पिना लावल्या. काचघरातून तासाभराची सुट्टी मागून घेतली आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत, पर्स मांडीवर धरून, ताठ बसली. समोर ऑर्मिस्टन आणि मॅडम. मधे ती वही.

“मिसेस पीटरकिन,” ऑर्मिस्टन अदबीने म्हणाले, “मोजणीच्या वेळी तुम्ही हजर होता?”

“हजर म्हणजे? मोजत मीच होते. ही लिहायची.”

“प्रत्येक वेळी?”

“अठ्ठावीसच्या अठ्ठावीस वेळा. एकदा माझा दात काढला होता तेव्हासुद्धा. त्या दिवशी नुसती बोटं दाखवली.”

मॅडम हसल्या. ऑर्मिस्टनसुद्धा हसले. खोलीतली हवा जरा सैल झाली.

“आणि तुम्ही सांगितलेले आकडेच या वहीत आहेत, असं तुम्हाला वाटतं?”

“वाटतं नाही. आहेत.” आयला माझ्याकडे बघून म्हणाली, “ही पोरगी दोन वर्षं माझ्या घरात राहते. हिने माझा कप फोडला तर मी घरी यायच्या आत दारात उभी राहून सांगते. ही आकडा बदलेल? मी बायबलवर हात ठेवून सांगते, हवं तर.”

ऑर्मिस्टननी मान हलवली. “याने फरक पडतो,” ते मॅडमना म्हणाले, आणि खिशातून पेन काढून समोरच्या कागदावर लिहायला वाकले.

आजही मी विचार करते की ते वाकले नसते, आणखी दोन प्रश्न विचारत बसले असते, तर मी बोलले असते का. मला नाही माहीत. मला एवढंच दिसलं की आता आयलाचं नाव त्या कागदावर जाणार, तिची शपथ जाणार, आणि ती खोटी असणार, आणि तिला ते कधीच कळणार नाही.

“सर,” मी म्हणाले. “एक आकडा.”

त्यांनी पेन थांबवलं.

“बारा मे. कुंडी तेवीस. आयलाने एक्केचाळीस सांगितले होते. मी चार लिहिले.”

माझ्या शेजारी पर्सचा चाप उघडून बंद झाल्याचा टक् असा आवाज आला.

“का?” मॅडमनी विचारलं.

“बाकीच्या कुंड्यांत दोन-तीनच होते. मला वाटलं, मोजताना चूक झाली.”

“कुणाची?”

“आयलाची.”

“तिला विचारलंस?”

“नाही.”

“दुसऱ्या दिवशीही कुंडी तिथेच होती. जाऊन पाहिलंस?”

“मी शनिवारी उतरवायची, मॅडम. तोवर चार दिवस झाले होते. नाही पाहिलं.”

आयलाने कोटाची बटणं लावायला घेतली. खालून वर, एकेक. मग ती उठली. माझ्याकडे तिने बघितलंच नाही, ऑर्मिस्टनना म्हणाली, “मी एक्केचाळीस म्हणाले असेन तर एक्केचाळीस होते,” आणि मॅडमना म्हणाली, “मला कुंड्यांना पाणी घालायचंय.” आणि दार अगदी हळू लावून गेली.

निकाल दहा मिनिटांत लागला. ऑर्मिस्टन गेल्यावर मॅडम मला म्हणाल्या, “वही रद्द. चौदाच्या चौदा आठवडे. तू राहा. नवीन रोपं लावायची, पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. ऑक्टोबरपर्यंत झालं तर झालं, नाहीतर शिष्यवृत्ती संपेल आणि मला काही करता येणार नाही.” मी रडत होते, त्यांनी रुमाल वगैरे काही दिला नाही. खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, “तो एक्केचाळीस. शुक्रवारपर्यंत तो मावा ढालकिड्यांनी खाल्ला असेल. किंवा त्या वाणालाही न जुमानणारा निराळाच मावा असेल. तुझ्या अख्ख्या वहीत कदाचित तेवढा एकच आकडा बघण्यासारखा होता, मंदा. आता कोण सांगणार?”

खरंच, आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. मी तो वाण पुढे चार वर्षं बघितला. तसं पुन्हा कधी झालं नाही.

संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा निळा कोट खुंटीवर होता आणि आयला खिडकीशी विणत बसली होती.

“माझं चुकलं, आयला.”

“ती शिकलेली माणसं तुला राहू देणार का?”

“हो.”

“बरं झालं.”

“आयला, मी तुला…”

“मी हजारो धाग्यांतून तुटलेला एक धागा शोधायची,” ती विणकामावरून नजर न काढता म्हणाली. “अंधारात, धुळीत. पंचवीस वर्षं. माझी नजर अजून तेवढीच आहे. तुला शंका आली ना, ठीक आहे, शंका कुणालाही येते. मला म्हणायचंस, आयला, परत मोज. एवढंच. मी मोजलं असतं. मला राग नसता आला.”

त्यानंतर तीन आठवडे ती माझ्याशी गरजेपुरतं बोलली. सकाळी लापशीचा वाडगा टेबलावर असायचा, पण समोरच्या खुर्चीत ती नसायची. गरम पाण्याची पिशवी जुलैत लागत नाही, नाहीतर तीही उशाशी आली असती, एवढं मला नक्की माहीत आहे. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. घर सोडून दुसरीकडे खोली बघावी असंही मनात आलं. मग वाटलं, नाही. फोडलेला कप दारात उभं राहून दाखवायचा तर मग तिथेच उभं राहायचं. बाबांना मी सगळं कळवलं. त्यांचं उत्तर आलं त्यात रागाचा एक शब्द नव्हता, पण पत्राच्या मधोमध त्यांनी एक ओळ खोडली होती. माझ्या बाबांच्या पत्रात मी पहिल्यांदाच खाडाखोड पाहिली. त्यांना ते सोपं गेलं नसणार.

ती फेअर वही अजून माझ्या अकोल्याच्या कपाटात आहे. विद्यार्थी बघतात आणि म्हणतात, मॅडम, काय अक्षर आहे! माझा प्रबंध मात्र दुसऱ्या वहीवर उभा आहे. तिची पानं फुगलेली आहेत, कोपऱ्यांवर मातीचे अंगठे आहेत, आणि तिच्यात माझ्या हातचं एक अक्षर नाही.

त्याचं असं झालं. सात जुलैला नवी मोजणी सुरू झाली. मी सकाळी एकटीच काचघरात गेले. भिंग घेतलं, वही काखेत धरली, एका हाताने पान उलटायचं आणि दुसऱ्या हाताने लिहायचं अशी कसरत चालवली होती. उन्हाने काच तापली होती, ओल्या मातीचा आणि रासबेरीच्या पाल्याचा कोमट वास भरून राहिला होता. तो वास मला अजून कधीकधी आमच्या रोपवाटिकेत येतो आणि मी हातातलं काम विसरते. मागे पाण्याचा नळ बंद झाल्याचा आवाज आला. आयला हात पुसत येऊन उभी राहिली.

“वही दे,” ती म्हणाली.

मी दिली.

“पेन नको, पेन्सिल. ओल्यावर पेन उठत नाही. हां. आता मोजायचं तू. लिहिणार मी.”

मी पहिल्या कुंडीचं पान उलटलं, मोजलं आणि म्हणाले, “नऊ.”

तिने लिहिलं नाही. वही बगलेत धरली, माझ्या हातातून भिंग घेतलं, वाकली आणि स्वतः मोजलं. मग सरळ होऊन लिहिलं, नऊ. दुसऱ्या कुंडीलाही तसंच. तिसऱ्या कुंडीलाही. छत्तीसच्या छत्तीस. दीड तासाचं काम तीन तास चाललं. शुक्रवारी तसंच, पुढच्या मंगळवारी तसंच. माझे दोन आकडे चुकले, ते तिने न बोलता दुरुस्त केले. माझा आकडा लिहून आडव्या रेघेने खोडला आणि शेजारी तिचा लिहिला. मी काही म्हटलं नाही. म्हणायला मला तोंड नव्हतं, आणि खरं सांगायचं तर वाटायचं की तिने आयुष्यभर असंच तपासत राहावं, पण शेजारी उभं राहावं.

चौथ्या आठवड्यातला शुक्रवार. बाहेर धुकं होतं आणि काचेवरून पाण्याचे ओघळ चालले होते. आमच्या अकरा कुंड्या झाल्या होत्या. बाराव्या कुंडीचं पान जरा गुंतागुंतीचं होतं, शिरांच्या कडेने मावा दाटीने बसलेला. मी सावकाश मोजलं.

“सतरा,” मी म्हणाले, आणि भिंग तिच्यापुढे धरलं.

तिने भिंग घेतलं नाही. पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि लिहिलं, सतरा.

मी तशीच भिंग धरून उभी राहिले. तिने मान वर केली.

“पुढची,” ती म्हणाली.

मी तेराव्या कुंडीकडे वळले, पान उलटलं, भिंग डोळ्याला लावलं. सगळं हिरवं हिरवं आणि हलतं दिसत होतं, त्यात किडा कुठला आणि पान कुठलं काही समजेना.

“किती?” आयलाने विचारलं.

“मला दिसत नाहीये,” मी म्हणाले.

तिने पान ओलं होऊ नये म्हणून वही कामाच्या कोटाच्या आत धरली आणि शेजारच्या पालथ्या बादलीवर बसली.

“मग डोळे पूस आणि सावकाश मोज,” ती म्हणाली. “तू सांगशील तो लिहिते मी.”